रंगवलेला मावळा विकू नका, रंगवायची सेना विका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरच्या घरी सिलिकॉनचा साचा कसा करायचा, प्लास्टर कसं ओतायचं ते पाहिलं. व्हिडिओ बावीस मिनिटांत संपवावा लागला, त्यामुळे पैशाची बाजू राहून गेली. ती इथे सविस्तर लिहितोय. माझं मत काहींना पटणार नाही. तरी हिशोब पूर्ण वाचा आणि मग ठरवा.

माझं म्हणणं थोडक्यात असं: यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा, कुठेही बसून कोणी छोटे मावळे, घोडेस्वार, तोफा, बैलजोड्या बनवत असेल, तर त्याचा तोटा साच्यात होत नाही. तोटा ब्रशात होतो. आणि तो तोटा बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या नावावर पडतो, कारण तिच्या वेळेचा हिशोब कोणी मांडतच नाही.

आधी हिशोब

आकडे उदाहरणादाखल घेतोय. तुमचे स्वतःचे आकडे टाकून बघा.

समजा तीन इंचाचा एक मावळा. प्लास्टर, रंग, वार्निश आणि साच्याची झीज मिळून ९ रुपये. पॅकिंग ३ रुपये. झाले १२. विक्री ४० रुपयांना. पोरगा खूश: "सर, एका नगामागे २८ रुपये सुटतात!"

थांबा. ओतणं, साच्यातून काढणं, कडा घासणं यात ७ मिनिटं गेली. एकेक मावळा हातात घेऊन अंगरखा, पगडी, कमरबंद, मिशा, डोळे रंगवायला २५ मिनिटं. एकूण ३२ मिनिटं. तासाला ६० रुपये धरले, तर ३२ रुपये मजुरी. खर्च झाला ४४, विक्री ४०. म्हणजे प्रत्येक मावळ्यामागे ४ रुपये खिशातून गेले. दुकानदाराचं कमिशन तर अजून धरलंच नाही.

इथे लोक म्हणतात, "पण मजुरी कुठे द्यायची आहे? आई रंगवते, बहीण रंगवते, घरचीच माणसं आहेत."

मित्रांनो, आपला कापसाचा जिल्हा आहे. दिवाळी येते तेव्हाच वेचणी सुरू होते. किलोमागे रोख पैसे मिळतात. ज्या दिवशी आई वेचाईला न जाता तुमचे मावळे रंगवत बसते, त्या दिवशी घरात येणारी मजुरी बुडते. ती फुकट काम करत नाही. तिच्या बुडालेल्या रोजावर तुमचा "नफा" उभा आहे. म्हणून माझा नियम: गावात वेचाईला त्या हंगामात जो रोज पडतो, तोच दर घरच्या माणसाला धरायचा. वहीत लिहायचा आणि विक्री झाली की हातात द्यायचा. हा दर धरूनही काही उरत असेल तर तो धंदा. उरत नसेल तर ती हौस. हौस करायला कोणाची ना नाही, फक्त तिला धंदा म्हणू नका.

रांगेत रंगवा

रंगवलेला मालच द्यायचा असेल तर निदान पद्धत बदला. एक मावळा पूर्ण करून दुसरा हातात घ्यायचा नाही. वीस मावळे एका पट्टीवर चिकटवा. आधी सगळ्यांना प्रायमर. मग सगळ्यांचे अंगरखे, मग सगळ्यांच्या पगड्या. शेवटी काळपट तपकिरी रंग भरपूर पाणी घालून सगळ्यांवर फिरवायचा. तो घड्यांमध्ये, बोटांच्या फटींत जाऊन बसतो आणि सावल्या आपोआप तयार होतात. वाळल्यावर जवळपास कोरड्या ब्रशाने उंचवट्यांवर फिका रंग घासायचा. बस. डोळ्यात बुबुळ काढत बसू नका. दोन फुटांवरून ते कोणाला दिसत नाही.

असं केलं आणि रंगकाम १० मिनिटांवर, ओतकाम ५ मिनिटांवर आणलं, तर १५ रुपये मजुरी आणि १२ रुपये माल, एकूण २७. विक्री ४०. आता १३ रुपये खरे सुटले.

एक अपवाद: महाराजांची मूर्ती. ती रांगेत रंगवायची नाही. तिला वेळ द्या, चेहरा नीट उतरू द्या आणि किंमतही तशीच लावा. चेहरा बिघडला तर गिऱ्हाईक नुसतं नाराज होत नाही, दुखावतं.

आता माझा मुद्दा

जगात छोट्या सैनिकांची सेना टेबलावर मांडून लढाई खेळण्याचा मोठा छंद आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तकच लिहिलं होतं. आज या धंद्यातली मोठी कंपनी गेम्स वर्कशॉप. तिचा 'वॉरहॅमर' खेळ १९८३ मध्ये आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारात पहिल्या शंभरांच्या निर्देशांकात जाऊन बसली. ती काय विकते? रंग न दिलेले, सुटे भाग असलेले सैनिक. जोडायचं गिऱ्हाइकाने, रंगवायचंही गिऱ्हाइकानेच. वरून रंग आणि ब्रशही तिच्याकडूनच घ्यायचे. आयर्लंडची प्रिन्स ऑगस्ट ही कंपनी तर त्याच्याही पुढे गेली. ती घरी धातू ओतणाऱ्यांना साचेच विकते.

म्हणजे ज्या कामात आपला सगळ्यात जास्त वेळ जातो, तेच काम ते गिऱ्हाइकाला आनंद म्हणून विकतात.

आपण का नाही करायचं? बारा मावळ्यांचा संच घ्या, रंग न दिलेला. ओतकाम नगाला ५ मिनिटं, म्हणजे १ तास, ६० रुपये. प्लास्टर आणि साच्याची झीज नगाला ५ रुपये, म्हणजे ६०. खोका, चार छोट्या डब्या रंग आणि एक ब्रश मिळून ६०. एकूण १८०. विक्री ३००. मजुरी देऊन १२० उरले, आणि काम झालं एका तासाचं. तेच बारा मावळे रांगेत रंगवून विकले तर १५६ उरतात, पण तीन तासांनी. तासाला १२० की तासाला ५२, हे तुम्हीच ठरवा.

"सर, आपल्याकडे लोक रंगवलेलंच मागतात." अर्धं खरं आहे. पाच वर्षांच्या पोराच्या बापाला तयार माल हवा असतो. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिवाळीच्या सुट्टीत हाताला काम हवं असतं, आणि त्याच्या आईला त्याच्या हातातला मोबाईल सुटायला हवा असतो. तो गिऱ्हाईक वेगळा आहे, त्याला अजून कोणी विचारलंच नाही. म्हणून खोक्यात एक सरदार रंगवलेला ठेवा, नमुना म्हणून, आणि अकरा मावळे पांढरे. एका सरदाराच्या रंगकामाची १० मिनिटं हिशोबात वाढवा. आधी फक्त वीस संच करा. शाळेत किंवा ट्यूशन क्लासमध्ये दोन तासांची रंगवण्याची बैठक घ्या. वीस विकले तर पुढचे पन्नास करा. दोनशे करून घरात रचून ठेवू नका.

एका साच्यातून अनेक मावळे

बारा मावळे एकसारखे असतील तर ती सेना वाटत नाही, खेळण्यांची रांग वाटते. पण बारा वेगळे मूळ नमुने घडवायचे म्हणजे खर्च आला. यावर उपाय: धड, डोकं आणि उजवा हात वेगळे ओता. तीन धडं, चार डोकी, तीन हात (तलवार, भाला, मशाल). तीन गुणिले चार गुणिले तीन, म्हणजे ३६ प्रकारचे मावळे, आणि मूळ नमुने फक्त दहा. मूळ नमुना एम-सीलमध्ये तारेवर घडवता येतो. पातळ तलवार आणि भाला प्लास्टरमध्ये ओतू नका, ते पार्सलमध्ये मोडणारच. तिथे तार किंवा बांबूची काडी बसवा.

थ्री-डी प्रिंटर आधी घेऊ का, असं बरेच जण विचारतात. नका घेऊ. हप्ता मशीन विकली गेल्यावर नाही, घेतल्यावर सुरू होतो. आधी दहा नमुने, वीस संच. गिऱ्हाईक परत आलं की मग मशीनचा विचार.

नक्कल करू नका

हे जरा कडक सांगतो. परदेशी कंपनीचा सैनिक विकत आणायचा, सिलिकॉनमध्ये बुडवायचा आणि नकला विकायच्या, याला काही जण "जुगाड" म्हणतात. ही चोरी आहे. शिल्पावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण असतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी धंदा म्हणून ते मूर्खपणाचं आहे. नकलेत बारकावे बुजतात, आणि उद्या शेजारचा तुमच्या नकलेची नक्कल पाच रुपये कमी घेऊन विकेल. मग भांडणार कोणत्या तोंडाने?

आणि आपल्याला नक्कल करायची गरजच काय? २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई जालना जिल्ह्यातली. २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगावची लढाई अकोला जिल्ह्यातली. १५ डिसेंबर १८०३ ला मेळघाटातला गाविलगड पडला. नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजा तिथे लढल्या. परदेशातले हौशी लोक या लढाया टेबलावर मांडून खेळतात. आणि वऱ्हाडातल्या पोराला गाविलगडावर कोण लढलं ते माहीत नसतं! जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. एका खोक्यात एक किल्ला, त्याची एका पानाची खरी माहिती, बारा मावळे. ही कल्पना कोणाच्या बापाची नाही, उचला.

आपला हंगाम ओळखा

दिवाळीच्या किल्ल्याची हौस पुण्या-कोल्हापुराकडे जास्त. आपल्या विदर्भाचा सण म्हणजे तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात, बोजारा घेतात. छोटी बैलजोडी, बंडी, औताचा संच रंगांसकट दिला तर तो आपल्या माणसाला सांगावा लागत नाही. मग दिवाळी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, ६ जूनचा राज्याभिषेक दिन. चार हंगाम झाले, म्हणजे भांडवल एकाच सणात अडकत नाही.

ओतकाम मात्र एप्रिल-मे मध्ये उरका. आपलं ऊन प्लास्टर वाळवायला फुकटचं भट्टीघर आहे. पावसाळ्यात तोच माल आठवडाभर ओलसर राहतो आणि रंग सोलतो. सिलिकॉनचं काम पहाटे करा, उन्हाच्या तापात ते लवकर धरतं आणि बुडबुडे अडकतात.

कागद आणि काळजी

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. म्हणून विक्रीआधी कारागीर ओळखपत्राचं काम करा. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनवणारे आणि कुंभार आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. तुम्ही बसता का ते विचारून घ्या.

शिसं मिसळलेला धातू वितळवून खेळणी करू नका. कितीही स्वस्त पडू दे. शिसं मुलांच्या मेंदूला घातक आहे, आणि ओतणाऱ्याच्या घरातही मुलं असतात. रेझिन वापरत असाल तर हातमोजे, मास्क आणि उघडी खिडकी. स्वयंपाकघरात तर नाहीच नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

घड्याळ लावून एक मावळा पूर्ण करा. ओतायला किती मिनिटं, घासायला किती, रंगवायला किती, तीन वेगळे आकडे लिहा. त्याला वेचाईच्या रोजाने गुणा. मग घरात जे रंगवतात त्यांच्यासमोर ती वही ठेवा आणि विचारा, "हा भाव तुम्हाला पटतो का?" त्यांचं उत्तर आलं की किंमत ठरवा.

आकडे व्हिडिओखाली टाका, पुढच्या भागात दोन-तीन हिशोब आपण सगळे मिळून तपासू. भेटू पुढच्या रविवारी.