न्यूट्रलची काटकसर

संकेश्वर-बांदा महामार्ग रुंद झाला म्हणून पिकअपच्या वेगाला मोकळे रान मिळता कामा नये, ही आमची भूमिका आहे. ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटरने धावताना हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. खेपा वाढल्याशिवाय परवडत नाही, हे चालकांचे म्हणणे खोटे नाही. पण वाचलेल्या मिनिटांची वसुली डिझेलच्या बिलातून होते. मग ती तूट आंबोली घाट न्यूट्रलवर उतरून भरून काढण्याचा मोह होतो. तोही फसवाच: आजच्या इंजिनात गिअर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेल जवळपास बंद होते, न्यूट्रलवर मात्र ते जळतच राहते आणि सारा भार ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर ‘गिअरमध्येच उतरा’ असे ठळक फलक आणि महामार्गावर वेगतपासणी पावसाळ्यापूर्वी झालीच पाहिजे.