शिक्का देशाचा, पोलाद कुणाचे?

जुन्या पटाशा, रंधे, कानशी जमवणाऱ्यांत एक समज घट्ट रुजला आहे : अवजारावर देशाचे नाव कोरलेले दिसले की दर्जाची चौकशी संपली. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का जर्मनांनी अभिमानाने कोरलेला नव्हता. तो त्यांच्यावर लादला गेला. हलक्या जर्मन सुऱ्या-कात्र्यांवर इंग्लंडमधील शेफील्डचे नाव उमटवून त्या विकल्या जात. त्याविरुद्धच्या ओरडीतून ब्रिटनचा १८८७ चा मालचिन्ह कायदा आला. खुद्द जर्मन अभियंता फ्रान्झ रूलो याने १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातील स्वदेशी माल स्वस्त पण निकृष्ट ठरवला होता. मात्र १८९६ मध्ये तीच तीन शब्दी शब्दावली शीर्षक म्हणून घेऊन ब्रिटनमध्ये धोक्याचा इशारा देणारे पुस्तक निघाले. वीस वर्षांत कलंकाची धास्ती झाली!

आणि शेफील्ड तरी किती ‘इंग्रजी’? बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत वितळवलेले पोलाद रूढ केले. त्यासाठीचे उत्तम लोखंड स्वीडनमधून, विशेषतः दानेमोराच्या खाणीचे, येत असे. शिक्का हे सांगत नाही. कोरड्या सहाणेवर पाती घासणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत साचणारी दगडाची धूळही तो सांगत नाही, आणि संग्राहकांच्या कौतुकात तिला जागाच नसते.

तुलना करायचीच, तर पात्याला पाणी कसे दिले आहे ते पाहावे, धार किती टिकते ते लाकडावर चालवून तपासावे. एकाच गावच्या दोन भट्ट्यांतून उत्तम आणि भिकार, दोन्ही माल निघत असे.