कमी देखभालीचा म्हणजे कमी जिवाचा नव्हे



हल्ली वास्तुशांत असो की वाढदिवस, भेट ठरलेली: कुंडीतला अरेका पाम. सोबतचं वाक्यही ठरलेलं, "याचं काही करावं लागत नाही हो!" माझं भांडण या वाक्याशी आहे.

काही न करता राहते ती खुर्ची. मी कॉमर्स शिकलेली. घसारा खुर्चीवर शोभतो, जिवावर नाही. पण आपण पाम सोफ्यामागच्या अंधारात ठेवतो, पिवळा पडला की टाकतो, नवा आणतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरात हे शोभतं का? वनस्पती एकेंद्रिय जीव आहे, हे आपण शिकलो ते फक्त ताटापुरतं?

"पण तो हवा शुद्ध करतो ना?" हा समज नासाच्या १९८९ च्या अहवालानंतर पसरला. ते प्रयोग बंद पेटीतले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासले. घरात एरवी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून व्हायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं निघालं. त्यापेक्षा खिडकी उघडा.

दुसरा अपराध पाण्याचा. आपल्या नांदगावच्या बाजूला पोफळी सगळ्यांनी पाहिलेल्या. खरी अरेका तीच. कुंडीतला पाम हा तिचा मादागास्करचा लांबचा नातलग. पोफळीला आळं भरून पाणी देतात म्हणून कुंडीत रोज तांब्या ओतायचा नसतो. बागेत पाणी जमिनीत मुरतं, कुंडीत साचून मुळं कुजवतं. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पाणी. पावसाळ्यात माती दिवसच्या दिवस ओली राहते, तेव्हा हात आवरा. बशीतलं पाणी लगेच ओता. नाहीतर डास होतात, मग फवारणी, आणि चतुरिंद्रिय जिवांची हिंसा आपल्याच हातून.

कुंडी खिडकीजवळ हवी, पण कडक ऊन नको. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. पूर्ण वाळलेलं पानच कापा. शेंड्याला कात्री लावू नका. शेंडा गेला की ती काठी पुन्हा वाढत नाही.

काम थोडं, लक्ष मात्र रोजचं. यालाच आपण यत्नाचार म्हणतो. तेवढं जमणार नसेल तर पाम घेऊ नका. आणि ज्या घरी जमणार नाही, त्या घरी भेटही देऊ नका. तिथे साडी द्या.