सत्तेचे मोल

वरळी कोळीवाड्याच्या टोकाला इंग्रजी अमलातील एक लहानसा किल्ला आहे. त्याच्या तटावरून उत्तरेकडे पाहिले, की माहीमच्या आखातापलीकडे वांद्र्याचा किनारा दिसतो. तो किनारा त्या काळी साष्टी बेटाचा भाग होता. १७३७ ते १७३९ या वर्षांत चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी साष्टी व वसई पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली. पुढे घरच्या माणसाच्या सत्तालोभाने साष्टी पुन्हा परक्यांच्या हाती गेली.

तो पुरुष म्हणजे रघुनाथराव पेशवे. ते पराक्रमी होते. १७५८ साली त्यांच्या सेनापतित्वाखाली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. परंतु पेशवेपदाच्या लोभाने त्यांचा विवेक ग्रासला. पुतण्या नारायणराव यास कैद करण्याचा कट शिजला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्या अठरा वर्षांच्या पेशव्याचा वध केला. रघुनाथरावांना पद मिळाले. मात्र न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी ठरवले, आणि नाना फडणीस आदी बारभाई त्यांच्याविरुद्ध एकत्र आले. तेव्हा त्यांनी इंग्रजांचा आश्रय धरला. या दुहीचा लाभ घेऊन इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेतला. १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी व वसई इंग्रजांना देण्याचे कबूल केले.

कोणी म्हणेल, त्यांचा घात इंग्रजांच्या कपटाने झाला. परंतु परक्याच्या दारी जाण्याची पाळी त्यांच्यावर का आली? आपल्या माणसांचा विश्वास त्यांनी आधीच गमावला होता, म्हणून. समुद्रावर होडीचा तांडेल खलाश्यांच्या भरवशावर वादळाला तोंड देतो. सोबत्यालाच दगा देऊन ज्याने सुकाणू बळकावले, त्याच्या शब्दावर वल्ही कोण मारील? सत्तेचेही तसेच आहे. ती विश्वासावर टिकते. केवळ धाकावर टिकत नाही.

१७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांच्या पदरी पेशवाई नव्हे, तर केवळ नेमणूक पडली. थोड्याच काळात कोपरगावी त्यांचा अंत झाला. वसई मराठ्यांस परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

महत्त्वाकांक्षा हा दोष नव्हे. तीच त्यांना अटकेपर्यंत घेऊन गेली होती. दुसऱ्याच्या नाशावर आपला उत्कर्ष उभारण्याची इच्छा हा दोष होय. अशी इच्छा धरणारा स्वतः बुडतोच, आणि ज्यांचा काही अपराध नाही अशांनाही त्याचे मोल द्यावे लागते.