कधीतरी लागणारा आकडा

मिरज, तासगाव, विटा, जत. गाव कुठलेही घ्या, 'मटकाअड्ड्यावर छापा, रोकड जप्त' ही बातमी सांगली जिल्ह्याच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती आता बातमी राहिलेलीच नाही. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदतात, चिठ्ठ्या लिहिणारा एजंट सुटतो आणि पुन्हा पानटपरीमागे हजर होतो. त्याच्या वरचा बुकी क्वचितच हाती लागतो.

पण केवळ पोलिसांच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही. गिऱ्हाईक परत का येते? दोन अंकी जोड्या शंभर, लावलेली जोडी लागली तर मिळतात साधारण नव्वदपट. म्हणजे शंभरामागे दहा रुपये बुकीचे ठरलेले. हे खेळणाऱ्याला कळत नाही असे कोण म्हणेल? उसाला टनामागे दहा रुपये कमी मिळाले तर रस्ता अडवणारा माणूस तोच आहे! त्याला धरून ठेवते ते 'कधीतरी'.

स्किनर आणि फर्स्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये कबुतरांवरचे प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. चोच मारताच दरवेळी दाणा मिळणारे कबूतर, दाणे बंद झाले की लवकरच नाद सोडते. कधी पाच, कधी पन्नास चोचींनंतर दाणा मिळालेले मात्र रिकाम्या यंत्रावर कितीतरी वेळ टोचत राहते. टपरीवर वेगळे काय घडते? 47 लावला, 48 आला, की 'एका घराने हुकला' म्हणत खिशात हात जातो. 48 ऐवजी 03 आला असता तरी पैसे तेवढेच गेले असते. पण हुकल्याची चुटपुट त्याला उद्याही टपरीवर आणते.

मटक्याला निदान ओपन-क्लोजची, म्हणजे आकडे जाहीर होण्याची, वाट पाहावी लागते. मोबाइलवरच्या रमीने तीही ठेवली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. स्वागतच आहे. मात्र ॲप बंद झाले म्हणजे बोटांची सवय गेली, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ती सवय आता शेअर बाजारातल्या 'ऑप्शन'कडे वळू शकते, आणि तो तर कायदेशीर. सेबीच्याच 2024 च्या अहवालानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या 93 टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांनी मिळून 1.8 लाख कोटींहून अधिक रुपये गमावले. याला गुंतवणूक म्हणायला जीभ धजावते तरी कशी?

बेदाण्याचे पैसे, उसाचे बिल हाती येते तेव्हाच या नादाचा धोका सर्वाधिक असतो. पोलिस अधीक्षकांनी जप्त चिठ्ठ्या मोजण्यापेक्षा बुकीपर्यंत पोहोचावे. घरच्यांनी नादाला निव्वळ नालायकी समजून शिव्या घालत बसू नये. उपचार आहेत, ते घ्यावेत. शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.