ढेकूण मारायचे ‘औषध’ हे औषध नाही, विष आहे

“डॉक्टर, घरात ढेकूण झालेत. कोणतं औषध मारू?” हा प्रश्न बरेच रुग्ण निघता निघता, आवाज खाली करून विचारतात. माझा पहिला आक्षेप ‘औषध’ या शब्दालाच आहे. जे हुंगून माणूस मरू शकतो, त्याला विष म्हणावे. म्हणजे ते मुलांच्या गादीवर फवारताना हात थांबेल.

ढेकूण चावल्यावर गांधी उठतात, खाज सुटते, झोप उडते. खाजवून जखम झाली तर ती चिघळते. पण ढेकणांमुळे मलेरिया, डेंग्यू, कावीळ किंवा एचआयव्ही पसरतो असे दिसून आलेले नाही. त्रास खरा आहे, पण जिवावर बेतते ते बहुधा उपायामुळे.

ही दोन विषे घरात आणू नका

अॅल्युमिनियम फॉस्फाइड: धान्याच्या कोठारात ठेवायच्या विषारी गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. त्यावर उतारा नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी ही सुरुवातीची लक्षणे असल्याने घरच्यांना वाटते, बाहेरचे खाणे बाधले. त्यात मोलाचा वेळ जातो. या गोळ्यांचा वापर कायद्याने फक्त प्रशिक्षित लोकांपुरता मर्यादित आहे. तरीही “दोन गोळ्या टाका, दार लावा” असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला नव्हे, बेजबाबदारपणा आहे.

डायक्लोरव्हॉस: भारतात यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. बिनलेबलच्या बाटलीत कोणी काही देत असेल तर घेऊ नका. रॉकेल ओतणेही नको. आग लागू शकते.

फवारणी करूनही ढेकूण परत का येतात?

ढेकूण पलंगाच्या सांध्यात, सोफ्याच्या शिवणीत, प्लायवूडच्या फटीत लपतात. फवारा तिथवर पोचत नाही. बरीच कीटकनाशके अंड्यांवर फारशी चालत नाहीत, आणि अंडी साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतात. शिवाय ढेकूण विषाला सरावतात. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण 1947 मध्येच हवाई बेटांवर आढळले होते. आजच्या अनेक फवाऱ्यांचीही तीच गत आहे. मग लोक मात्रा वाढवतात. ढेकूण राहतात, दमा मात्र बळावतो.

मग करायचे काय?

ढेकणांना उष्णता सोसत नाही. 50 अंश सेल्सिअसच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. आजीची उकळत्या पाण्याची किटली अडाणीपणाची नव्हती.

- चादरी, अभ्रे, पडदे 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा.
- लाकडी वा लोखंडी पलंगाच्या सांध्यांत उकळते पाणी सोडा. मुलांना दूर ठेवा. प्लायवूड आणि सोफ्याला वाफ द्या.
- गादीला नुसते ऊन दाखवून भागत नाही. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. शिवणी ब्रशने झाडा, व्हॅक्यूम करा.
- पलंग भिंतीपासून दूर घ्या, चादर जमिनीला टेकू देऊ नका.
- हे सगळे दर आठवड्याला, निदान दोन महिने करा. एका दिवसात ढेकूण जात नाहीत.

पेस्ट कंट्रोल करायचेच असेल तर परवाना पाहा, रसायनाचे नाव लिहून घ्या आणि घर किती तास रिकामे ठेवायचे ते विचारा. उत्तर टाळणाऱ्याला परत पाठवा.

लाज सोडा

ढेकूण म्हणजे अस्वच्छता, हा समज सर्वात घातक आहे. प्रवासातली बॅग, होस्टेलची गादी, जुने फर्निचर यांतून ते स्वच्छ घरातही येतात. लाजेपोटी लोक गुपचूप गोळ्या आणतात, आणि भिंतीपलीकडे झोपलेल्या शेजाऱ्याला पत्ताही नसतो. चाळीत किंवा सोसायटीत ढेकूण एका घरापुरते राहत नाहीत. शेजाऱ्यांना सांगा आणि सगळे मिळून एकाच वेळी उपाय करा.

विषाच्या वापरानंतर घरात कोणालाही उलट्या, चक्कर, धाप किंवा तोंडाला फेस आला, तर लगेच सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, 108 ला फोन करा आणि विषाचे पाकीट रुग्णालयात दाखवा. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

ढेकणांना हरवायला दोन महिने लागले तरी चालतील. विषारी वायू मात्र दुसरी संधी देईलच असे नाही.