छडी, घास आणि राखणीचा कुत्रा

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवावीत व पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला आणि देशात दोन तट पडले. एका तटाच्या दृष्टीने कुत्रा हा निव्वळ उपद्रव, तर दुसऱ्याच्या दृष्टीने निव्वळ दयेचा विषय. कुत्र्याने कोठे राहावे याविषयी एवढा वाद झाला. परंतु माणसांत कसे वागावे हे त्याला कोणी आणि कोणत्या रीतीने शिकवावयाचे, या प्रश्नाची चर्चा फारशी झाली नाही.

हा प्रश्न शहरापेक्षा खेड्यात अधिक जिव्हाळ्याचा आहे, कारण तेथे कुत्रा बहुधा कोणाचा तरी असतो, पण त्याच्या वागण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. गोंदिया जिल्ह्यातील केशोरीचे उदाहरण घ्यावे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील, गडचिरोलीच्या सीमेलगतचे हे गाव मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. धान, मिरची आणि जंगल यांवर जगणाऱ्या अशा गावांत रानडुकरांपासून पिकाची व रात्री घराची राखण करावयास कुत्रा लागतोच. याच तालुक्यातील नवेगावचे वन २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. अशा वनाच्या काठी मोकाट हिंडणारा कुत्रा हरणांच्या पाडसांमागे लागतो, रानकुत्र्यांपर्यंत रोग नेऊ शकतो आणि बिबट्याला गावाकडे ओढून आणतो. म्हणजे राखणदार हवा. पण हाक मारताच परत फिरणारा आणि शाळेच्या वाटेवरील मुलांना ओळखणारा हवा.

असा राखणदार घडविण्याचे साधन म्हणून बहुतेक ठिकाणी काठी, दगड आणि साखळी यांचाच आश्रय घेतला जातो. मार खाल्लेला कुत्रा तिखट होतो व तिखट कुत्राच राखण करतो, अशी त्यामागील समजूत आहे. ही समजूत कितपत टिकते, हे ज्या क्षेत्रात कुत्र्याच्या चुकीची किंमत माणसाच्या प्राणाने मोजावी लागते, तेथे पाहणे उद्बोधक ठरेल.

मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातील ‘झंजीर’ हा लॅब्रेडॉर १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुडकण्याच्या कामगिरीमुळे विख्यात झाला. वन्यजीवांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध २००८ पासून वनखात्यांसाठी जी कुत्री तयार करण्यात येत आहेत, त्यांचे प्रशिक्षण भोपाळ, ग्वाल्हेरजवळचे टेकनपूर आदी ठिकाणच्या सुरक्षा दलांच्या केंद्रांत कित्येक महिने चालते. वासावरून वस्तू शोधण्याच्या या शिक्षणाचा पाया मार नसून बक्षीस आहे. वास अचूक ओळखला की आवडता चेंडू किंवा घास आणि श्वानहस्तकाची शाबासकी! पथकांतील सर्वच कामांत जुनी दांडगाई संपली आहे, असे नव्हे. तथापि नाकाचे काम दंडुक्याने करवून घेता येत नाही, हे सुरक्षायंत्रणांनी अनुभवाने ओळखले आहे.

याचे कारण समजण्यास अर्थशास्त्रातील एक साधे तत्त्व पुरेसे आहे. ज्या व्यवस्थेत चुकीला जबर दंड असतो, तेथे हाताखालचा माणूस काम सुधारण्यापेक्षा चूक लपविण्यास आधी शिकतो. भेदरलेला कारकून साहेबाला हवा तोच अहवाल देतो. भेदरलेला कुत्राही मालकाच्या चेहऱ्याकडे पाहून वागतो आणि मालकाची पाठ वळताच हवे ते करतो. शिवाय मार ‘हे करू नको’ एवढेच सांगतो. काय करावे, हे सांगत नाही. अंगावर धावल्याबद्दल कुत्र्याला बडविले, तर ज्या मुलाला पाहून मार बसला त्या मुलाचीच त्याला धास्ती बसते. गुरगुरल्याबद्दल मारले, तर तो गुरगुरणे सोडतो. भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

शास्त्रीय संशोधनाचा कौलही याच बाजूला आहे. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती पुन्हा घडते, हा नियम थॉर्नडाइकने विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीच प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडला व पुढे स्किनरने त्याचे शास्त्र बनविले. पोर्तुगालमधील पोर्तो येथील संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात धाकदपटशाने शिकविलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने तर २०२१ मध्ये, कुत्र्यांच्या सर्व प्रकारच्या शिक्षणासाठी बक्षिसाचीच पद्धत वापरावी, अशी निःसंदिग्ध शिफारस केली.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. शहरातील धनिकाला हे लाड परवडतात. ज्या घरात माणसांचेच पोट जेमतेम भरते, तेथे कुत्र्याला बक्षीस कसले? आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु गरिबाघरचा कुत्राही उरलेला भात खातोच. प्रश्न अधिक अन्नाचा नाही, ते देण्याच्या रीतीचा आहे. जो भात एकदम ओतला जातो, त्यातीलच चार घास बाजूला ठेवून हाक मारताच आल्याबद्दल, पाहुणा दिसताच खाली बसल्याबद्दल, एकेक देता येतात. घास मात्र योग्य कृतीमागोमाग लगेच मिळाला पाहिजे, घरातील सर्वांनी एकच शब्द वापरला पाहिजे आणि सवय जडली की घास विरळ करीत शाबासकीवर भागविले पाहिजे. खर्च शून्य, गुंतवणूक केवळ धीराची! आणि ही पद्धत म्हणजे मोकळीक नव्हे. चुकीच्या वागण्याला घास मिळत नाही, हीच तिची शिस्त.

शिक्षकवर्गाला यात काही अपरिचित वाटू नये. मराठीत ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे शब्द एकाच धातूपासून आले आणि दुसऱ्याचा अर्थ दंड असा होऊन बसला. शाळांतही दीर्घकाळ तेच घडले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली, तेव्हा वर्गाचा धाक जाईल अशी भीती व्यक्त झाली होती. छडीने वर्ग शांत होतो, पण शिकत नाही, हे ज्यांनी वर्गात अनुभवले, त्यांनीच हा धडा अंगणापर्यंत नेण्यास पुढे यावे.

अर्थात शिकविलेला कुत्राही लस टोचल्याखेरीज निर्धोक नाही. रेबीज झाल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे, आणि लसीकरण व निर्बीजीकरण यांना पर्याय नाही. परंतु टोचणीसाठीही कुत्रा माणसाच्या हाताखाली उभा राहिला पाहिजे. दगड खाऊन वाढलेला कुत्रा लसीकरण पथक पाहताच रानात पळतो. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या लसीकरण शिबिरातच अर्धा तास ही पद्धत करून दाखवावी आणि वनालगतच्या गावांत वनखात्याने त्यास हातभार लावावा. यासाठी नवा विभाग, नवे पद वा नवा निधी लागत नाही.

न्यायालयाच्या आदेशाने कुत्र्याची जागा बदलता येईल, स्वभाव बदलता येणार नाही. तो अंगणातच घडतो, आणि तो घडविणारा हात मालकाचा असतो. त्या हातात काठी असावी की घास, याचा निर्णय केशोरीसारख्या गावांत रोज सकाळी होत असतो. त्याची फळे मात्र शाळेला निघालेल्या पोरांच्या वाट्याला येतात.